वेल्डोर्नच्या हेडमास्तर

आमच्या हेडमास्तर बोट उचलून अख्खा किल्ला पेटवू शकत होत्या, पण फ्रीवेवर गाडी घालायला त्या धजायच्या नाहीत. मला फ्लू झाला होता तेव्हा त्या ॲन आर्बरहून माझ्याकडे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आल्या, मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन. एरवी पाऊण तासाचा रस्ता. त्यांनी तो आतल्या आतल्या रस्त्यांनी, प्रत्येक सिग्नलला मान वळवून दोन्हीकडे बघत, जवळजवळ सगळी सकाळ खर्चून पार केला. दार उघडलं तर चेहरा पांढराफटक. डबा माझ्या हातात देऊन त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आधी मला पाणी दे. मग तुझा ताप बघू."

आदल्याच दिवशी ह्याच बाईंच्या एका शब्दावर शंभरेक माणसं नदीकाठी शस्त्रं खाली ठेवून उभी राहिली होती. त्यातला एक मी होतो.

ती नदी, तो किल्ला आणि ते सगळं शहर इंटरनेटवरच्या एका खेळातलं. शहराचं नाव वेल्डोर्न. हेडमास्तर त्याला 'वेलदोडा' म्हणायच्या. काळ्या दगडाचा तट, आत उतरत्या गल्ल्या, कंदील टांगलेला बाजार आणि टेकडीवर जादूगारांच्या गिल्डचा मनोरा. गिल्ड म्हणजे संघ. जादूगार, तिरंदाज, वैदू, तलवारवाले असे सगळे मिळून एकत्र लढायचे, आणि प्रत्येक पात्रामागे अमेरिकेतल्या कुठल्या तरी गावात कॉम्प्युटरपुढे बसलेला एक जिवंत माणूस असायचा. ह्या गिल्डचा प्रमुख होता पांढऱ्या दाढीचा, किंचित पोक काढून चालणारा एक म्हातारा जादूगार. त्याच्यापुढे भले भले टिकत नसत. त्याच्या डोक्यावर नावाच्या जागी फक्त 'हेडमास्टर' असं लिहिलेलं असायचं. त्या दाढीच्या मागे नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवलेली, साठी ओलांडलेली बाई आहे हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं.

मी पुण्याहून आलो तो माझा ट्रॉयमधला पहिलाच हिवाळा. रूममेटला टेक्सासमध्ये जॉब मिळाला आणि तो गादी माझ्याकडे टाकून निघून गेला. ऑफिसमधून बाहेर पडावं तर अंधार झालेला, आणि पार्किंग लॉटमध्ये बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठानं पांढऱ्या झालेल्या गाड्या. शनिवार-रविवारी तर एखाद्या वेळी कुणाशी शब्दही बोलायचा प्रसंग येत नसे. त्या दिवसांत मी हा खेळ सुरू केला आणि कुणीतरी मला त्या गिल्डमध्ये ओढलं.

एका रविवारी दुपारी आम्ही सगळे एका भुयारात शिरलो होतो. हेडमास्टरनं थांबायला सांगितलं होतं. मला वाटलं, मोकळंच तर दिसतंय, आणि मी पळत पुढे गेलो. कोपऱ्यामागून जे काही बाहेर आलं त्यानं आधी मला आणि मग माझ्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांना चिरडलं. पडद्यावर सगळीकडे आमची प्रेतं. मग खालच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटली, "अबे गाढवा, थांब म्हटलं होतं ना! काऊन पळून राहिला?"

बाकीच्यांना वाटलं की हेडमास्टरनं कसला तरी मंत्र म्हटला. टोलीडोची डेनिस नावाची एक मुलगी तिरंदाज होती, तिनं विचारलंसुद्धा, हा मंत्र कुठल्या भाषेतला? मी लिहिलं, "सॉरी काका." मग फक्त मला दिसेल असा निरोप आला. "काका कोण? मी बाई आहे. तू जेवलास का?"

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. दार उघडणारी बाई माझ्या खांद्याला लागेल एवढी. साडीवर स्वेटर, पायांत लोकरीचे मोजे. बाहेरच्या खोलीत, जिथं एरवी सोफा असतो तिथं, हॉस्पिटलमधला असतो तसला वरखाली होणारा पलंग होता आणि त्यावर त्यांचे यजमान, म्हणजे काका. गाड्यांच्या कारखान्यांसाठी इंजिनं डिझाइन करणारे काका पक्षाघातानं उजव्या अंगानं लुळे होऊन पडले होते. बोलणं जवळपास गेलं होतं. एकच शब्द शिल्लक राहिला होता, 'चला'. पाणी हवं असलं तरी चला, कूस बदलायची असली तरी चला, आणि मी निघालो तेव्हा डावा हात उचलून मलाही चला. पलंगाला खेटून कॉम्प्युटरचं टेबल होतं. हेडमास्तर अशा बसायच्या की एका डोळ्यानं पडदा दिसावा आणि दुसऱ्यानं काका.

काकांना डेट्रॉइटची नोकरी लागली तेव्हा त्या शाळेत मुख्याध्यापिका व्हायच्या बेतात होत्या. इथं आल्यावर त्यांच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. परवानगीचा कागद आला तोवर पन्नाशी उलटली होती आणि आत्मविश्वासही गेला होता. मुलगी केतकी कॉलेजला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला. ही पोरगी तासन्‌तास ह्यात काय करत होती ते बघावं म्हणून हेडमास्तरांनी तो एक दिवस उघडला. आत केतकीनं अर्धवट सोडलेला म्हातारा जादूगार वेल्डोर्नच्या वेशीपाशी एकटाच उभा होता.

"इतका म्हातारा माणूस, थंडीत, एकटा," त्या मला म्हणाल्या. "म्हटलं याला निदान आत तरी नेऊन बसवू."

त्या आत गेल्या त्या बारा-तेरा वर्षं तिथंच राहिल्या. प्रमुख झाल्यावर हव्या त्या नावानं मिरवायची मुभा होती. त्यांनी हेडमास्टर निवडलं. "नागपुरात व्हायचं राहिलं, ते इथं झालं," असं त्या अगदी सहज बोलल्या आणि मला आणखी एक पोळी वाढली.

गिल्डला त्या 'आपला वर्ग' म्हणायच्या, आणि तो चालवायच्याही तसाच. उशिरा येणाऱ्यानं कारण सांगायचं. नव्या माणसाला हसायचं नाही. आणि निघताना न सांगता गायब व्हायचं नाही. ह्या शेवटच्या नियमावर त्यांचा फार कटाक्ष होता. अमेरिकन पोरं आपली 'बाय' लिहून निघायची. त्यांना हेडमास्तरांनी शिकवलं की आमच्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. मग ओहायोचे, टेनेसीचे, कुठकुठले दांडगे लोक संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना इंग्रजी अक्षरांत 'येतो' लिहायला लागले. त्याचा अर्थ काय, असं कुणी नव्यानं विचारलं की जुनी माणसं सांगायची, "म्हणजे मी परत येणार आहे."

डेनिस नर्स होती. आयसीयूत. कधीकधी तिची शिफ्ट संपली की ती वेल्डोर्नला यायची, मनोऱ्यातल्या शेकोटीपाशी आपल्या तिरंदाजाला बसवायची आणि काहीही लिहायची नाही. लढाईला चल म्हटलं तरी नाही. हेडमास्तर तेव्हा हातातलं काम टाकून आपला जादूगार तिच्या शेजारी नेऊन बसवायच्या. पडद्यावर ती दोघं, समोर जाळ, बाकी काही नाही. अर्धा अर्धा तास. इकडे घरात त्या तेवढ्या वेळात काकांना चमच्या-चमच्यानं पेज भरवत असायच्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो होतो. एकदा विचारलं, "मावशी, तिला काय झालंय ते विचारत का नाही?"

"विचारलं की माणूस उठून जातं," त्या म्हणाल्या. "बसू दे."

त्यांचा धाक खरा कळला तो रॉरिकच्या वेळी. हे त्याचं खेळातलं नाव. आमच्यातला सगळ्यांत ताकदवान लढवय्या, त्याच्या जोरावर आम्ही टेकडीवरचा मनोरा राखून होतो. तो एका नव्या खेळाडूच्या इंग्रजीची रोज टर उडवायचा. हेडमास्तरांनी त्याला दोनदा समज दिली. तिसऱ्या खेपेला, सगळ्यांदेखत, त्यांनी लिहिलं, "जोर आहे म्हणून काय झालं? वर्गाबाहेर." आणि त्याला काढून टाकलं. तो गेला, त्याच्याबरोबर निम्मे लढवय्ये गेले, आणि पुढच्याच महिन्यात त्या लोकांनी येऊन आमचा मनोरा जिंकून घेतला. वर्षानुवर्षं सजवलेला मनोरा. आम्ही बाजारामागच्या एका पडक्या घरात राहायला गेलो. आमच्यातलेच काहीजण उघडपणे म्हणाले की म्हाताऱ्यानं एका पोरासाठी सगळं घालवलं. मी त्या शनिवारी गेलो तेव्हा त्या भाजी निवडत बसल्या होत्या आणि निवडलेल्या पाल्यात पुन्हा पुन्हा देठ टाकत होत्या.

"चुकलं का रे माझं?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी."

"तरी पण मनोरा छान होता," असं म्हणून त्या उठून आत गेल्या.

खेळाबाहेर मात्र त्यांचा आवाज निम्मा व्हायचा. इन्शुरन्स कंपनीला फोन लावायचा तर त्या आधी पाणी प्यायच्या. पलीकडच्या माणसानं "से दॅट अगेन?" म्हटलं की त्या घाबरून फोन माझ्या हातात द्यायच्या. काकांपाशी शेजारणीला बसवून इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मी त्यांना घेऊन गेलो होतो. शाळेच्या कॅफेटेरियाचा भाड्यानं घेतलेला हॉल, स्टेजवर लेझीम, मागे पोरांचा गोंधळ. त्या कडेच्या खुर्चीवर मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. एक काकू येऊन विचारत्या झाल्या, "मग दिवसभर काय करता हो तुम्ही?"

"काही नाही," हेडमास्तर म्हणाल्या. "ह्यांचंच असतं."

परत येताना गाडीत मी म्हटलं, "सांगायचं ना मावशी, मी जादूगारांची प्रमुख आहे म्हणून."

त्या खिडकीबाहेर बघत हसल्या. "वेड लागलंय म्हणतील. आणि केतकीला कळवतील."

केतकी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला होती, औषधांच्या कंपनीत. ती इथंच वाढलेली, मराठी समजायची सगळं, बोलताना निम्मं इंग्रजी. त्या वर्षी ती थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आली तेव्हा मीही तिथं होतो. काकांची तब्येत तोवर उतरत चालली होती. जेवणं झाली, आणि सवयीनं हेडमास्तरांनी कॉम्प्युटर लावला. केतकी मागून येऊन उभी राहिली.

"वेट. दॅट्स माय गाय!" ती ओरडली. आधी तिला हसू आलं. मग तिनं पडद्यावरचे आकडे बघितले, किती वर्षं, किती तास, ते सगळं तिथं दिसतं. तिचं हसू गेलं. "आई, तू रोज हे करतेस? एव्हरी डे? बाबा असे पडलेत, ही इज डाइंग, अँड यू आर प्लेइंग?"

"त्यांच्याजवळ बसूनच खेळते," हेडमास्तर म्हणाल्या. "तू कुठं असतेस?"

काका डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. केतकी कोट घेऊन बाहेर गेली आणि बराच वेळ गाडीत बसून राहिली. हेडमास्तरांनी कॉम्प्युटर बंद केला, ताटं विसळली आणि मग माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "असं बोलायला नको होतं. ती पोर तरी काय करेल? तिची नोकरी तिथं." त्यांनी लेकीची माफी मागितली असावी, कारण निघायच्या दिवशी दोघी दारात बराच वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या. पण खेळाविषयी पुन्हा कुणी काही काढलं नाही.

उन्हाळ्यात कंपनीची घोषणा आली. खेळ जुना झाला होता, खेळणारे घटले होते, तेव्हा वेल्डोर्न कायमचं बंद करण्यात येत आहे. ऑक्टोबरातली तारीख. त्याच कंपनीचा नवा खेळ होता, जुन्या खेळाडूंना तिथं फुकट प्रवेश. आमच्या लोकांनी लगेच ठरवलं की सगळा वर्ग तिकडे हलवायचा. डेनिसनं, मी, सगळ्यांनी हेडमास्तरांना विनवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा. तिथं मी कोण? पहिल्यापासून हातात काठी घेऊन उंदीर मारत बसू?"

"आम्ही आहोत ना मावशी, पटकन वर आणू तुम्हाला."

"तसं नाही रे." त्या काकांची चादर सारखी करत होत्या. "मी एकदा गाव बदललंय. आता पुन्हा नाही जमणार."

वेल्डोर्नचा शेवटचा दिवस आला तोवर घरी हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या दिवसांत सेवा करणारी, नर्स यायला लागली होती. तिनं केतकीला बोलावून घ्यायला सांगितलं होतं आणि केतकी आली होती. शहर दुपारी बंद व्हायचं होतं. मी ऑफिसात सुट्टी टाकून ॲन आर्बरला गेलो. बाहेर मेपलची पानं गळून अंगणभर पडली होती, कुणी झाडलीच नव्हती. आत काकांचा श्वास घरघरत होता आणि त्यांनी डाव्या हातानं हेडमास्तरांचा हात घट्ट धरला होता. तो सोडवणं त्यांच्या जिवावर येत होतं.

"तू बस तिथं," त्या मला म्हणाल्या. "मी सांगते तसं लिही."

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. पडक्या घरापुढच्या चौकात सगळे जमले होते. वर्षानुवर्षं न आलेले लोकही आले होते. ज्याची टर उडवल्यामुळे मनोरा गेला तो खेळाडू होता. आणि मागे, भिंतीला टेकून, रॉरिकही होता. कोण कुठल्या गावचं आहे, कुणाचं लग्न झालं, कुणाला मूल झालं, असल्या गोष्टी लोक लिहीत होते. मी त्या वाचून दाखवत होतो आणि हेडमास्तर एकेकाला उत्तर सांगत होत्या. "त्याला विचार, आईचं ऑपरेशन झालं का." "तिला म्हणावं, अभ्यास सोडू नकोस." केतकी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून ऐकत होती. मध्येच तिनं हळूच विचारलं, "आई, यू नो ऑल देअर मदर्स?" हेडमास्तरांनी मान हलवली.

मग पडद्यावर कंपनीची सूचना आली, आता थोडाच वेळ उरला आहे. कुणीतरी 'येतो' लिहिलं. त्याच्यामागून दुसऱ्यानं लिहिलं. सगळा पडदा त्या शब्दानं भरून जायला लागला. मी वाचून दाखवलं तेव्हा हेडमास्तरांचा चेहरा कसानुसा झाला.

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, आज नाही. आज खोटं बोलायचं नाही. आज जातो म्हणा."

मी लिहिलं. मग रॉरिकनं पहिल्यांदा लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, चुकीच्या स्पेलिंगमध्ये, 'जातो'. आणि तो नाहीसा झाला. मग एकेक करत सगळे. चौक रिकामा होत गेला. शेवटी चौकातल्या शेकोटीपाशी डेनिसचा तिरंदाज तेवढा राहिला. तिनं लिहिलं, मी इथंच बसते, शेवटपर्यंत.

"मग मलाही तिथं बसव," हेडमास्तर मला म्हणाल्या.

मी दाढीवाल्या म्हाताऱ्याला चालवत नेलं आणि तिच्या शेजारी बसवलं. इकडे काकांच्या घशातून 'चला' असा आवाज आला. हेडमास्तर त्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या आणि माझ्याकडे, पडद्याकडे त्यांनी बघितलंच नाही. जाळ हलायचा थांबला. मग पडदा राखाडी झाला आणि मधोमध एक चौकट आली, सर्व्हरशी संपर्क तुटला आहे.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी."

"बंद कर मग. विजेचं बिल येतं."

त्याच आठवड्यात एका सकाळी काका गेले.

घर विकायला काढलं आणि केतकी त्यांना कॅरीला घेऊन गेली. मी फोन करायचो. त्या बोलायच्या, पण दोन वाक्यांत संपवायच्या. वर्षभरानं ऑफिसच्या कामासाठी कॅरीशेजारच्या रालीला जावं लागलं तेव्हा मी त्यांना भेटलो. केतकीचं घर मोठं, उजेडाचं, रस्त्याच्या टोकाला. चालत जाण्यासारखं जवळ काहीही नाही. हेडमास्तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसल्या होत्या. साडी सुटली होती, केतकीनं आणलेली ट्रॅकपँट अंगावर होती, आणि त्यात त्या आणखी लहान दिसत होत्या. चहा झाला. मी गिल्डमधल्या लोकांची खुशाली सांगितली. नव्या खेळात कुणी फार टिकलं नव्हतं, जो तो आपापल्या वाटेला लागला होता. त्यांनी ऐकून घेतलं, कुणाविषयी उलटून विचारलं नाही. मग म्हणाल्या, "एकाच आठवड्यात दोन्ही गेलं रे. ह्यांच्यासाठी लोक डबे घेऊन आले, महिनाभर येत होते. दुसऱ्याचं मी कुणाला सांगू?"

मी त्यांच्यासमोर बसून राहिलो. उठून त्यांनी माझ्यासाठी पोहे केले.

त्या देवापुढे दिवा लावायला आत गेल्या तेव्हा केतकी मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिला काहीतरी सांगायचं होतं. "तो विझर्ड मी फिफ्टीनची असताना बनवला होता," ती म्हणाली. "जोक म्हणून. दाढी वगैरे सगळं रेडीमेड होतं, पण नाक मी बाबांचं दिलं होतं. खूप वेळ बसून, एकेक लाइन अ‍ॅडजस्ट करून. आय डोन्ट नो, आईला कधी कळलं का." मी काकांना पलंगावर, गालफडं बसलेल्या चेहऱ्यानंच बघितलं होतं. मला ते नाक ओळखू येण्याचा प्रश्न नव्हता. पण ज्या बाई बारा-तेरा वर्षं एका डोळ्यानं पडदा आणि दुसऱ्यानं नवरा बघत होत्या, त्यांना ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही. केतकीला मी तसं सांगितलं. ती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली आणि मग तोंड फिरवून घरात गेली.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. मी ऑफिसात होतो, मीटिंग चालू होती. हेडमास्तर दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही, डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. केतकी मराठीत बोलत होती, सबंध वाक्यं, एकही इंग्रजी शब्द न घालता, आणि त्यामुळे मला ते जास्तच कठीण गेलं. अंत्यसंस्काराचं सगळं आपापसात उरकायचं ठरलं होतं. विमानं बर्फामुळे कॅन्सल होत होती, मला जाता आलं नाही.

मी पार्किंग लॉटमध्ये जाऊन गाडीत बसलो. कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि ट्रॉयमध्ये त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. शेवटी मी टोलीडोला डेनिसला फोन लावला. नंबर आम्ही वेल्डोर्न बंद व्हायच्या आधीच एकमेकांना दिले होते, पण बोललो कधीच नव्हतो. तीही ड्यूटीवर असावी, मागे हॉस्पिटलचे आवाज येत होते. मी सांगितलं, हेडमास्टर गेले. ती म्हणाली, थांब, मी जरा बाजूला जाते. एक दार लागल्याचा आवाज आला आणि मागची गडबड बंद झाली.

मी तिला सगळं सांगितलं. हेडमास्टर म्हणजे एक बाई होती, एवढीशी, आईच्या वयाची. गणित शिकवायची. शेजारी आजारी नवरा असायचा. डेनिस रडत होती की नुसती ऐकत होती, मला कळत नव्हतं. मी थांबलो तेव्हा तिनं इंग्रजीत विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

"मृणालिनी," मी म्हटलं.

तिनं म्हणून पाहिलं. पहिल्या अक्षरालाच तिची जीभ अडली. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, तोडून तोडून. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं, तरी तिनं सोडलं नाही. काचेवर बर्फ साचत होतं आणि गाडीत हळूहळू अंधारून येत होतं. ती तिकडे कुठल्याशा बंद खोलीत उभी राहून ते नाव म्हणत होती, मी इकडून दुरुस्त करत होतो. मग एकदा ते तिच्या तोंडून नीट आलं, अगदी नागपुरात कुणी हाक मारावी तसं. मी "बरोबर" म्हटलं.